दुसरा चौथरा

७ सप्टेंबर, रविवार. नासू, जपान

आज सुट्टी होती आणि ती वाया गेली. बूट घ्यायला सायकलवर निघालो, बूट राहिलेच. इथं गोठ्यात पहाटे चारला उभं राहायचं, पायाखाली नुसतं पाणी, आणि माझ्या उजव्या बुटाला टाचेपाशी चीर पडलीय. मालक मोरिता-सान तीनदा बोलले, "सोमुनातो-सान, बूट." सोमनाथ नाव यांच्या तोंडात गेलं की एवढं लांब होऊन बाहेर येतं.

वाटेत उंच झाडांची रांग दिसली, म्हणून आत वळलो. आधी कमान, मग खडीची वाट, मग देऊळ. कुणाचं ते कळलं नाही. हात जोडले, तासभर झाडाखाली बसलो, तोवर दुकान बंद.

संध्याकाळी मोरिता-सानला विचारलं तर ते जनरल नोगीचं देऊळ निघालं. शंभर-सव्वाशे वर्षांमागचा सेनापती. मधे काही वर्षं लष्कर सोडून इथंच नासूला शेती करायचा. दोन्ही पोरं लढाईत गेली. पुढं राजा वारला, आणि राजाची अंत्ययात्रा निघाली त्या संध्याकाळी या नवराबायकोनं घरातच जीव दिला. लोकांनी दोघांना देव केलं.

"बायकोलापण?" मी म्हणलं.

"बायकोलापण."

"तिला व्हायचं होतं का देव?"

मोरिता-सान बादली धूत होते. "कुणी विचारलं असेल असं वाटत नाही," म्हणाले आणि आत गेले. म्हातारा असाच आहे, कोरडा.

मी मात्र लगेच अकरा मिनिटांचा व्हिडिओ बोलून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंच बिभीषण आबांनी मला कामच दिलंय ते. माझा थोरला भाऊ, रामकिसनदादा, फौजेत होता. दोन वर्षांमागं नोव्हेंबरात वर उत्तरेला बर्फाचा कडा चौकीवर आला, त्यात गेला. गाव त्याचं स्मारक बांधतंय. आबा म्हणले, "सोम्या, तिकडं फौजी माणसांची देवळं अस्तेत म्हणं. जरा बघून सांग, आपल्यालाबी काही घेता येतंय का." बारावी नापास माणसाला गावानं पहिल्यांदा काही विचारलंय.

व्हिडिओत निम्मा वेळ गायीच दिसतात ते सोडा.

९ सप्टेंबर

ग्रुपवर सत्तेचाळीस अंगठे. आबांचा आवाज आला, "वा रे पठ्ठ्या! जोडप्याचं देऊळ! आरं मग आपल्या वेशीवर वायलं काय हाय?"

खरंच की. आमच्या वेशीवर जुना वीरगळ आहे. घोड्यावरचा गडी, हातात तलवार, खाली मेलेला गडी. आणि शेजारी दुसरा दगड. त्यावर नुसता बाईचा हात, कोपरातून वर उभा, बांगड्या भरलेला. सतीचा हात. बाया अमावास्येला तेल घालतात. लहानपणी मी त्या हाताला टोपी लटकवून नदीवर जायचो. जपानात येऊन तेच बघितलं आणि मला आधी सुचलंपण नाही, आबाला सुचलं.

दादाच्या बायकोचा, धनश्रीवैनीचा, वेगळा मेसेज आला. "भाऊजी, पुरे आता हे." आणि खाली, "व्हिडिओत बूट फाटका दिसतोय. घ्या नवा."

वैनीला माझं कधी काही पटलंच नाही. तिच्याच नवऱ्याचं देऊळ होतंय, माणूस दोन शब्द चांगले लिहील.

२१ सप्टेंबर, रविवार. तोक्यो

पासपोर्टच्या कामाला शनिवारीच आलो. शुक्रवारी यायचं होतं म्हणे, कचेरी बंद. चिडून रस्ता धरला तर हाराजुकूला निघालो. इतकी माणसं, पोरींचे केस निळे, एकीच्या पिशवीत जिवंत ससा. त्या सशामागं चालत गेलो आणि गर्दीच्या मागंच, तळ्याकाठी, गप्प उभं असलेलं देऊळ. तोगो नावाच्या आरमाराच्या सेनापतीचं. आत लग्न चाललं होतं. नवरी पांढऱ्याशुभ्र कपड्यात, डोक्यावर मोठं पांढरं टोपडं. सेनापतीच्या दारात लग्न लावायचं, मला आवडलं ते.

मोरिता-सानला फोनवर सांगितलं तर म्हणाले, "त्यानं जिवंतपणी सांगितलं होतं म्हणतात, माझं देऊळ करू नका म्हणून."

"मग?"

"मग मेला. मेलेल्या माणसाचं कोण ऐकतं?"

हे काही ग्रुपवर टाकलं नाही. कामाच्या तोंडावर असलं कशाला.

रात्री वैनीचा फोन होता. अंबाजोगाईला नर्सिंगला तिचा नंबर लागलाय. वीस नोव्हेंबरच्या आत हजर व्हायचं. स्वप्नाला, माझ्या पुतणीला, ती बरोबर नेणार, तिकडंच दुसरीत घालणार. "भाऊजी, आबांच्या कानावर तुमीच घाला. तुमचं ऐकत्याल सध्या." घालतो म्हणलं. तेवढ्यात स्टेशन आलं, चुकीचं निघालं, मग ते राहिलं.

४ नोव्हेंबर. गाव

दादाच्या पुण्यतिथीला म्हणून मोरिता-सानकडून वीस दिवसांची सुट्टी काढली. कालपासून डोकं ठिकाणावर नाही. परळीहून सिरसाळ्यापर्यंत जीप, तिथून शहेबाजच्या टेम्पोत. शहेबाज माझा सातवीपासूनचा दोस्त, सिरसाळ्यात वेल्डिंगचं दुकान. स्मारकाची कमान त्यानंच केलीय.

"कशी झालीय बे कमान?"

"कमान झकास हाय," तो म्हणला. "बाकी तू बघ. तुझ्याच डोक्यातनं आलंय म्हंत्यात सारं."

"कावून बे, असा कावून बोलतोस?"

तो गिअर बदलण्यात दंग.

वेशीवर जुन्या वीरगळाच्या पलीकडं फरशी टाकलीय. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर दादाचा गळ्यापर्यंतचा पुतळा. नाक दादाचं नाही, मिशा दादाच्या आहेत. पण कपाळाला शेंदूर! अजून अनावरण व्हायचंय आणि शेंदूर, लिंबू, दोन नारळ. शेजारी आणखी एक चौथरा. रिकामा, वर भगवं कापड अंथरलेलं.

"ह्यो कशाचा?" मी आबांना विचारलं.

"तुझ्याच व्हिडिओतला की. जोडी नगं का? हात घडवायला टाकलाय, घाटनांदूरच्या वाटंवर सुग्रीव पाथरवट हाय त्याच्याकडं. जपान जे करतंय ते आपून कावून करू नये?" पाठीवर थाप मारली. थाप लागली जोरात.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, खोटं कशाला. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

वैनीनं विचारलं, "बोलला का आबांशी?" तेव्हा आठवलं. ती भाकरी थापत राहिली. तसाच उठून पारावर गेलो.

आबा हसले. "आरं, कमिटीनं ठराव केलाय. रोज सांजच्याला रामकिसनपुढं दिवा लावायचा मान धनश्रीचा. जलमभर. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

"पण तिचा नंबर लागलाय नर्सिंगला."

"देवाची बायकू लोकांना सुया टोचत फिरल का? लोक नवस बोलायलेत, सोम्या. भरती व्हायच्या आदल्या दिवशी पोरं येत्यात पाया पडायला. आन तू अंबाजोगाई घिऊन बसला."

घरी येऊन मायला सांगितलं. माय म्हणली, "मान हाय तो. समद्यांना भेटतो का?" मायचं नाव केसरबाई, पण दोन महिन्यांत तिला सगळे 'देवाची माय' म्हणायला लागलेत. डोळ्याचं ऑपरेशन टाळत होती, आता रोज नवं लुगडं नेसून वेशीवर बसते. तिला मी काय सांगू?

वैनीला म्हणलं, एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर येऊन शेरडं मोजली. तीन आहेत. तीनदा मोजली.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नीट लिहायचाय.

आबांनी मला दगड आणायला पाठवलं, शहेबाजचा टेम्पो. वाटेत एका मेंढपाळाच्या वाड्यावर थांबलो, कारण त्याच्याकडं निळ्या डोळ्याचं कुत्रं होतं. शहेबाज ओरडला, "अबे चल, दगड न्यायलोय, कुत्रं न्हाई!" अकराला पोचायचे ते दीडला पोचलो.

सुग्रीवबाबा लिंबाखाली बसून छिन्नी मारत होते. सत्तरी असेल, भुवयांवर दगडाचा पांढरा भुगा. हात पुरा झालेला. काय हात! बोटं सरळ, मनगटाशी बांगड्यांच्या सात रेघा, एकेक वेगळी दिसेल अशी. मला जपानात बघितलेलं काहीच एवढं सुबक वाटलं नाही.

"बरं झालं आला," बाबा म्हणले. "तिथीच सांगितली न्हाई तुमच्या सरपंचानं. चंद्राची कोर कोणती काढू? बाई कोणत्या पक्षात गेली?"

"कोण बाई?"

"जिचा हात हाय ती. कवा वारली?"

"वारली न्हाई. घरी हाय. सकाळी तिनंच मला भाकर बांधून दिली." आणि मी बावळटासारखं फडकं वर करून दाखवलं.

बाबांनी छिन्नी खाली ठेवली. फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाप्पा, ह्यो हात बाई जळाल्यावर घडवत्यात. जुन्या काळी. मला वाटलं बाई नवऱ्यामागं जीव देऊन गेली, सरपंचाला लाज वाटत असल बोलायला, म्हणून म्या विचारलं न्हाई. आमच्या घरात जित्या माणसाचा दगड घडवत न्हाईत. माझ्या बापानं घडवला न्हाई, त्याच्या बापानं न्हाई. घडवला म्हंजी तिला म्हणलं, तू कवा जातीस."

शहेबाज टेम्पोला टेकून उभा होता. तो हळूच म्हणला, "मी तेच सांगत होतो तुला, सोम्या. तुला वाटलं मी कमानीवर चिडलोय."

मी काहीतरी बोलायला लागलो, जपानात तसं नसतं, तिथं दोघं... आणि मधेच थांबलो. तिथंपण ती बाई मेलीच होती. अकरा मिनिटं मी हेच गावाला सांगितलं होतं, कौतुकानं, मागं गायी दाखवत.

बाबांनी दगड दिला नाही. उलटा करून ठेवला, हात जमिनीकडं. "पाटा करीन ह्याचा. सरपंचाला सांग, सुग्रीव म्हातारा झाला, छिन्नी चालंना."

येताना कुत्रं परत दिसलं. थांबलो नाही.

११ नोव्हेंबर

आबांशी भांडण. पारावर, सगळ्यांसमोर. मी म्हणलं, जित्या बाईची सती करायलाय तुमी. ते म्हणले, "तूच जपानचं सांगितलं न्हवं? सत्तेचाळीस लोकांनी अंगठा दिला, त्यात तुझ्या मायचा पयला." म्हणले, हात कडा गावच्या दुसऱ्या कुणा पाथरवटाकडून घडवून आणू, महिन्याभरात. तोवर कापड राहू दे.

माय माझ्याशी बोलत नाही. ताट समोर आदळते.

वैनीला सांगितलं की दगड आला नाही. ती म्हणली, "आज आला न्हाई, उद्या येईल." मी म्हणलं, चूक माझी झाली. तिनं मान हलवली, झाली म्हणून. मला वाटलं होतं, नाही म्हणेल.

१४ नोव्हेंबर

उद्या अनावरण. एकदाची काहीतरी चांगली गोष्ट. वैनी आपणहून बोलली.

"भाऊजी, उद्या तुमचं भाषण हाय ना?"

"पाच मिनिटं म्हणलेत आबा."

"पाच मिनिटांत जपान कसा हुईल? सगळं सांगा. गायी सांगा, रेल्वे सांगा, ती सशावाली पोरगी सांगा. तुमी बोलायला लागला की थांबत न्हाई, तसंच बोला. मी घरून आरतीचं ताट घेऊन यायची हाय, तुमचं झालं की मला पुकारणार. मला तयारीला येळ लागल."

"लोक कंटाळतील."

"कंटाळू द्या."

एवढ्या वर्षांत वैनी पहिल्यांदा म्हणली की बोल. मी चार कागद भरलेत. स्वप्ना दप्तर भरत होती. उद्या अनावरण, शाळा नाही, हे मी तिला सांगितलं तर ती आईकडं बघून हसली. पोरं काहीपण करतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्यामुळं गाव निम्मं रिकामं. मांडव भरायला दोन शाळांची पोरं आणून बसवली होती. शहेबाज कुठंच नाही. ज्यानं कमान केली त्यानंच माझं भाषण ऐकू नये याचा मला लई राग आला.

बोलायला लागलो. गायी सांगितल्या. रेल्वे सांगितली. ससा सांगितला, पोरं हसली. आबांनी मागून सदरा ओढला, मी पुढं सरकलो. कागद संपले तेव्हा आपोआप ते निघालं जे कागदात नव्हतं. म्हणलं, तोगो नावाच्या सेनापतीनं हात जोडून सांगितलं होतं की माझं देऊळ करू नका, आणि मी हे तुमच्यापासून लपवलं. म्हणलं, नोगीच्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं. म्हणलं, आमच्या दादाला शेंदराची खाज उठायची, लहानपणी मारुतीच्या उत्सवात त्याचं तोंड सुजलं होतं, मायला विचारा. म्हणलं, पाथरवटानं मला विचारलं, बाई कवा वारली.

इथं माईक बंद केला. मी तसाच ओरडून बोललो. काय बोललो आठवत नाही. कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं. पन्नास मिनिटं झाली होती म्हणे.

मग पुकारलं, "वीरपत्नी धनश्रीताई!" दोनदा, तीनदा. शेजारच्या एका बाईला पाठवलं घरी. घराला कडी. आरतीचं ताट उंबऱ्यावर, तेल-वात करून ठेवलेलं. काडेपेटी पण ठेवली होती बाजूला.

नदीच्या अंगानं टेम्पो गेल्याचं शेवटी एका म्हाताऱ्यानं सांगितलं. "वेल्डिंगवाल्याचा व्हता. बाई आन ल्येकरू पुढं बसलं व्हतं. पाऊण घंटा झाला की."

आबा माझ्याकडं बघत होते. मला काहीच ठाऊक नव्हतं, हे मी चारदा सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि आता रात्री विचार करतोय तर माझापण नीट बसत नाहीये. ती सरळ सांगू शकत होती मला. का नाही सांगितलं? मी पोटात ठेवणार नाही म्हणून? ठेवलं नसतंच.

मोबाईलवर एकच ओळ. "पोचलो. बूट घ्या."

१७ नोव्हेंबर

दोन दिवस शिव्या खाल्ल्या. कमिटी म्हणते, बाई परत येईल तोवर दिवा देवाच्या भावानं लावावा. माझं परतीचं तिकीट चोवीसचं आहे. मला तरी कुणी विचारलं का?

संध्याकाळी ताट घेऊन गेलो. दादापुढं दिवा लावला. शेंदूर फडक्यानं पुसला, नाक अजून परकंच आहे. तेवढ्यात बघतो तर शेजारच्या रिकाम्या चौथऱ्यावर, भगव्या कापडावर, हळदकुंकू. हिरव्या बांगड्यांचा जुडगा. नारळ. अजून दगड नाही, हात नाही, काहीच नाही, आणि बायांनी सुरू केलंसुद्धा. आबांचा दगड कड्याहून येईपर्यंत इथं देव होऊन बसलेला असेल आणि मग कुणाच्या बापाच्यानं हलायचा नाही.

बांगड्या उचलून दादाच्या पायथ्याशी ठेवल्या. नारळ फोडला. कापडाची घडी केली. आणि चौथऱ्यावर बसलो. पायात तेच बूट, टाचेला चीर असलेले. बसून खोबरं खाल्लं.

पारावरून ओरडा आला. "अय सोम्या! ऊठ तिथनं! बाटतंय!"

"बाटू द्या."

"ऊठ बे! बुडाखाली कोण हाय ठावं हाय का?"

"कुणी न्हाई," मी म्हणलं. "चौथरा हाय. बसायला बरा हाय."

आबा आले, दोघंतिघं आले. माणूस बूट घालून बसला त्या जागी आता देव कसा मांडायचा यावर त्यांची आपसांतच जुंपली. एक म्हणला, गोमूत्रानं धुऊ. मी म्हणलं, धुवा, मी उद्या परत बसतो. चोवीसपर्यंत रोज बसतो. पुढचं मला माहीत नाही. चोवीसनंतर कोण बसणार, हा प्रश्न मलापण होताच.

तेवढ्यात माय आली. काठी टेकत, नवं लुगडं. आबा म्हणले, "केसरबाई, तुमीच सांगा आता ह्याला."

मायनं दादाच्या पुतळ्याकडं बघितलं. मग माझ्या बुटाकडं. सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"त्याचं तोंड सुजायचं शेंदरानं," म्हणली. "मी इसरले व्हते."

मग काठी चौथऱ्याला टेकवून ठेवली.

"गुडघं दुखायलेत माजं," म्हणली. "सरक जरा."